स्टॉलचे भाडे मागण्यापूर्वी आम्हाला एवढे सांगा

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यात कला महोत्सव भरवणाऱ्या सर्व संस्थांचे पदाधिकारी

विषय : स्टॉलच्या भाड्यासोबत कलावंतांना द्यावयाच्या माहितीबाबत

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच कला महोत्सवांची पत्रके आमच्या मोबाइलवर येऊन पडू लागतात, आणि तेव्हापासून संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंतचे अडीच महिने सोलापुरातला प्रत्येक चित्रकार, मूर्तिकार, विणकर आणि मातीकाम करणारा एकाच विचारात असतो, की यंदा कुठे जायचे आणि कुठले पैसे वाचवायचे. पत्रकात स्टॉलचे भाडे ठळक अक्षरांत असते, पैसे भरण्याची अंतिम तारीख त्याहून ठळक असते, आणि ‘मोजकेच स्टॉल शिल्लक’ ही ओळ तर पहिल्या दिवसापासून असते. त्या भाड्याच्या बदल्यात नेमके काय मिळणार, हे मात्र मैदानावर सामान उतरवल्यावरच कळते. हे पत्र त्यासाठी आहे.

मी गेली १४ वर्षे जलरंगात चित्रे काढते आणि लिनोकटचे, म्हणजे लिनोलियमवर हाताने कोरलेल्या चित्राचे, छाप घेते. सोलापूर, पुणे, कोल्हापूर, हैदराबाद आणि बंगळूर मिळून ३० हून अधिक महोत्सवांत मी स्टॉल लावला आहे, आणि माहेरी किराणा दुकान असल्यामुळे जडलेल्या सवयीने त्या प्रत्येकाचा जमाखर्च एका लाल वहीत लिहून ठेवला आहे. भाडे फार आहे, अशी माझी तक्रार नाही. १६ हजार रुपये भाड्याचा स्टॉल स्वस्त पडल्याचे आणि ३ हजारांचा महाग पडल्याचे, दोन्ही दाखले या वहीत आहेत. तक्रार एवढीच आहे, की भाडे देणाऱ्याला विचार करून निर्णय घेता येईल अशी कोणतीही माहिती तुम्ही भाडे घेण्यापूर्वी देत नाही.

आमच्या बाजूचा हिशेब अनेकदा तुम्हाला ठाऊक नसतो, म्हणून एका बाहेरगावच्या चार दिवसांच्या महोत्सवाचे पान येथे उघड करते. स्टॉलचे भाडे १६,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २,८८०, म्हणजे १८,८८० रुपये. वॉल हँगिंग विणणाऱ्या पूर्वभागातील एका सहकाऱ्यांबरोबर छोटा टेम्पो निम्मानिम्म केला, त्याचे जाण्यायेण्याचे माझ्या वाट्याचे ५,५०० रुपये. लॉज ४,८०० आणि दोन माणसांचे जेवणखाण ३,२००. जाळीचे पॅनल व जादा दिवे ‘भाड्यात समाविष्ट नाहीत’ हे तिथे गेल्यावर कळले, त्याचे २,४००. पिशव्या, कार्डे आणि पॅकिंगचे १,५००. एकूण खर्च ३६,२८० रुपये. चार दिवसांत विक्री झाली ४१,३५० रुपयांची. शेवटच्या रात्री शेजारच्या स्टॉलवाल्यांनी माझे अभिनंदन केले आणि आयोजकांनी आभाराच्या भाषणात ‘कलावंतांना उत्स्फूर्त प्रतिसाद’ असे सांगितले. घरी येऊन विकल्या गेलेल्या चित्रांचा कागद, रंग, माउंट, फ्रेम यांचा खर्च मांडला, तो १३,९०० रुपये निघाला. हाती राहिले २७,४५० आणि गेले होते ३६,२८०, म्हणजे ८,८३० रुपयांची पदरमोड करून मी त्या उत्स्फूर्त प्रतिसादात सहभागी झाले होते. प्रवासासह सहा दिवसांची माझी आणि मदतीला आलेल्या नणंदेची मजुरी यात धरलेलीच नाही.

या पानावरून मी स्वतःपुरता एक ठोकताळा बांधला. शंभर रुपयांच्या विक्रीतून माझ्या हाती साधारण ६६ रुपये उरतात. या दराने नुसता खर्च भरून काढायला ५५ हजारांची विक्री हवी, आणि स्वतःला दिवसाचे दीड हजार रुपये धरले तर ६८ हजारांची. म्हणजे बाहेरगावी गेल्यास करासहित भाड्याच्या जवळजवळ चौपट विक्री व्हायला हवी, नाहीतर व्यवहार आतबट्ट्याचा. सोलापुरात टेम्पो आणि लॉज लागत नसल्यामुळे तिप्पट पुरते. ज्याची कलाकृती ४० हजारांना विकली जाते त्याचे गणित वेगळे निघेल, आणि मातीची भांडी फुटण्याची धास्ती बाळगणाऱ्याचे त्याहून वेगळे, परंतु प्रत्येकाकडे असा काहीतरी आकडा असायला हवा, असे मी माझ्या बिरादरीलाही या निमित्ताने सांगते.

हा आकडा हाती आला की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. माझ्या छापांची आणि छोट्या चित्रांची सरासरी किंमत ६०० रुपये आहे. ६८ हजारांसाठी ११४ नग विकावे लागतात. सकाळी ११ ते रात्री ९ असे चार दिवस धरले तर दर २१ मिनिटांना एक. पण आपल्याकडे पाच वाजेपर्यंत मैदानावर स्टॉलवाले आणि कुत्री यांच्याशिवाय कोणी नसते, हे तुम्हालाही माहीत आहे. गर्दीचे खरे तास चारच, आणि त्या हिशेबाने साडेआठ मिनिटांना एक विक्री व्हायला हवी, त्यातच सुटे पैसे देणे आले, कागदात गुंडाळणे आले, आणि ‘हे प्रिंट आहे की हाताने केले आहे’ या प्रश्नाला लिनोकटच्या बाबतीत दोन्ही उत्तरे खरी कशी, हे समजावून सांगणेही आले. हे शक्य आहे किंवा नाही, हे त्या महोत्सवात कोण येते यावर अवलंबून आहे. आणि नेमके तेच पत्रकात नसते.

पत्रकात असते ती गर्दीची संख्या. ‘लाखो रसिकांची उपस्थिती’ हे शब्द मी इतक्या वेळा वाचले आहेत की ते आता रकान्याच्या रेघेसारखे दिसतात. सोलापूरकरांना गर्दीचे अप्रूप सांगू नये. संक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांच्या सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, होम मैदान माणसांनी फुलते, आणि त्या गर्दीला पाळणा, भेळ, बांगड्या, भांडी, घोंगडी हे सगळे हवे असते. यात्रेने चित्र विकत घ्यावे अशी अपेक्षा यात्रेकडून कोणी करत नाही, कारण यात्रा स्वतःला कला महोत्सव म्हणवत नाही.

दोन वर्षांपूर्वी आपल्याच शहरात झालेल्या एका तीन दिवसांच्या महोत्सवात मी मुद्दाम मोजणी केली. (कोणता ते येथे लिहीत नाही, आयोजकांना पुढचा मजकूर वाचून ओळखता येईल.) शनिवारी सायंकाळी सहा ते सात, हातात वही घेऊन मी कमानीजवळ उभी राहिले आणि नणंद आमच्या रांगेत बसली. त्या तासात कमानीतून आत आले ४१२ लोक. आमच्या रांगेत पोहोचले ३८, माझ्या स्टॉलपाशी थांबले ९, आणि विकत घेतले एकाने, १५० रुपयांचे भेटकार्ड. असे होण्याचे कारण गूढ नव्हते. कमानीतून आत आल्यावर डावीकडे वळले की खाद्यपदार्थ, उजवीकडे वळले की रंगमंच, आणि कलावंतांची रांग या दोहोंच्या पाठीमागे, जनरेटर आणि फिरत्या स्वच्छतागृहांच्या मध्ये. आमच्याकडे आलेल्या ३८ जणांपैकी बऱ्याच जणांचा रसिकतेशी संबंध नव्हता, ते घाईत होते.

त्याच रांगेत माझ्या लगतचा स्टॉल भाजी चिरण्याचे यंत्र विकणाऱ्या गृहस्थांना मिळाला होता. माणूस सज्जन होता, दुपारी त्याने आम्हाला त्याच्या डब्यातली शेंगाचटणी आणि कडक भाकरी दिली. परंतु त्याच्या गळ्यात माइक होता, आणि ‘ताई, एका झटक्यात दोन कांदे’ हे वाक्य तो दर दोन मिनिटांनी म्हणत असे. कांद्याचे पाणी उडून माझ्या टेबलाच्या कडेवर ठेवलेल्या दोन जलरंगांवर ठिपके पडले, आणि संध्याकाळी येणारे लोक चित्रासमोर डोळे पुसत उभे राहिल्याचे दृश्य माझ्या आयुष्यात प्रथमच दिसले. तीन दिवसांत त्याची ७० यंत्रे गेली. यात त्याचा काय दोष? त्याला कला महोत्सवात जागा देणाऱ्यांनी ६० पैकी किती स्टॉल कलेचे आहेत हे मला पैसे भरताना सांगितले असते तर मी घरी बसून छाप घेतले असते. मी मोजले तेव्हा ते १७ होते. त्या १७ मध्येही दोन ठिकाणी यंत्राने कॅनव्हासवर छापलेल्या आणि वरून थोडे रंगाचे फटकारे मारलेल्या प्रती ‘हॅण्डमेड पेंटिंग’ म्हणून हजार रुपयांना मिळत होत्या. हातमाग आणि यंत्रमाग यांतला फरक बोटांनी ओळखणाऱ्या शहरात चित्रांच्या बाबतीत मात्र कोणी हात लावून पाहत नाही, हे माझ्या विणकर सहकाऱ्यांचे म्हणणे मला पटते. त्यांची वॉल हँगिंग एकेक गाठ, एकेक रंग बदलत विणलेली असतात, आणि त्यांच्या समोरच्या टेबलावर यंत्रावरची तशीच दिसणारी वस्तू एक चतुर्थांश भावात असेल तर त्यांनी चार दिवस फक्त फरक समजावत बसायचे काय?

तुमच्या बाजूचा विचार मी केला नाही असे नाही. मैदानाचे भाडे, मांडव, वीज, जनरेटर, अग्निशमनाची परवानगी, पोलीस बंदोबस्त, सुरक्षारक्षक, उद्घाटनाचे हारतुरे, हे सगळे आयोजकाच्या माथी असते आणि प्रायोजक ऐनवेळी अंग काढून घेतात, हेही मी पाहिले आहे. स्टॉलचे भाडे हा तुमचा खात्रीचा पैसा आहे, तो तुम्ही आधी घ्यावा यात गैर नाही. मात्र त्यातून एक गोष्ट घडते. पहिला प्रेक्षक कमानीतून आत येण्याआधीच तुमचा हिशेब मिटलेला असतो आणि आमचा तेव्हा सुरू होतो. साठावा स्टॉल कुंभाराला दिला काय किंवा चॉपरवाल्याला दिला काय, तुमच्या जमेत सारखीच रक्कम पडते, आणि चॉपरवाला तर घासाघीस न करता लगेच भरतो. अशा रचनेत चित्र विकत घेणारा माणूस महोत्सवाला आणण्याची निकड कोणालाच उरत नाही. तो आला तर आनंद, न आला तर ‘तुम्हाला व्यासपीठ तर मिळाले’.

व्यासपीठ या शब्दाचा मी आता धसका घेतला आहे. आपल्याकडच्या प्रत्येक उद्घाटनात चित्रकार एम. एफ. हुसेन हे आपल्या पंढरपूरचे, १९१५ साली तिथे जन्मले, असे अभिमानाने सांगितले जाते. ते खरे आहे. त्यांनी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरले, हेही तितकेच खरे आहे, आणि त्या फलकांसाठी त्यांच्याकडून कोणी भाडे घेतले नव्हते.

आता मागणीकडे येते. सर्वांत आधी, गेल्या वर्षी ज्या कलावंतांनी तुमच्याकडे स्टॉल लावला त्यांची यादी, त्यांच्या संमतीने, अर्जासोबत द्या, आणि त्यांतले किती जण यंदा पुन्हा येत आहेत ते लिहा. मला दुसरे काही कळले नाही तरी चालेल. माझ्या वहीतला अनुभव असा आहे, की जिथे निम्म्याहून अधिक कलावंत स्वतःच्या पैशाने परत येतात तो महोत्सव सहसा फसवत नाही, आणि जिथे दर वर्षी नवे चेहरे असतात तिथे जुने चेहरे कुठे गेले हे विचारावे. यादीतल्या दोघांना फोन केला की पाच मिनिटांत उजेड पडतो. ही यादी द्यायला तुम्हाला एक रुपयाही खर्च नाही, आणि ती न देण्याचे मला एकच कारण सुचते, ते लिहीत नाही.

त्याखालोखाल मैदानाचा आराखडा. पैसे घेण्यापूर्वी स्टॉलचा क्रमांक द्यावा, खाद्यपदार्थ, रंगमंच, ध्वनिवर्धक आणि जनरेटर कुठे आहेत ते दाखवावे, आणि स्टॉलचे तोंड कोणत्या दिशेला आहे तेही लिहावे. पश्चिमेकडे तोंड असलेल्या स्टॉलमध्ये आपल्या सोलापूरच्या उन्हात दुपारी तीन ते सहा जलरंग टांगणे म्हणजे ते वाळत घालणे आहे. कलेचे स्टॉल किती आणि इतर किती, हे प्रमाण अर्जावर छापावे आणि ते पाळता आले नाही तर भाड्यातला ठरावीक हिस्सा परत करावा. निवड समिती असेल तर तिने वस्तू हातात घेऊन पाहावी, मोबाइलवर पाठवलेल्या तीन फोटोंवरून निवड होत नाही. अवकाळी पाऊस, आचारसंहिता किंवा परवानगी नाकारली गेल्याने महोत्सव रद्द झाला तर पैशांचे काय, हे आधी लेखी असावे. पावतीबद्दल मी फार लिहीत नाही. जीएसटीचे १८ टक्के घेतले तर क्रमांकासह पावती मिळाली पाहिजे, ‘नंतर मेल करतो’ हे उत्तर नको. चित्रांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला याचे स्वागत झाले, परंतु आमच्यापैकी बहुतेकांची वार्षिक उलाढाल नोंदणीच्या ४० लाखांच्या मर्यादेच्या आसपासही जात नसल्याने आमची नोंदणीच नसते, आणि म्हणून स्टॉलवरच्या त्या १८ टक्क्यांची वजावटही मिळत नाही. तो सरळ खर्च आहे.

भाड्याची रचनाही बदलता येईल. निम्मे भाडे आधी आणि विक्रीवर दहा टक्के नंतर, अशी पद्धत एखाद्या वर्षी कलावंतांच्या रांगेपुरती तरी करून पाहा. विक्री लपवली जाईल ही तुमची शंका रास्त आहे, आणि काही जण लपवतीलही. तरी माझ्या मते त्याने एक फरक पडेल. आमची रांग जनरेटरमागे टाकताना तुमच्या हाताला जरा विचार करावासा वाटेल.

बंगळूरच्या चित्रसंतेचे, म्हणजे चित्रांच्या बाजाराचे, उदाहरण मी या संदर्भात नेहमी देते. कर्नाटक चित्रकला परिषदेने ती सुरू केली आणि जानेवारीत, बहुधा पहिल्या रविवारी, कुमारकृपा रस्त्यावर ती भरते. एकच दिवस, रस्त्याच्या कडेला थोडीशी जागा, नोंदणीचे शुल्क अल्प, आणि समोरून चालत येणारा माणूस चित्र पाहायला आणि परवडले तर घ्यायला आलेला. तिथे मुख्यतः चित्रे आणि शिल्पे असतात, म्हणून लोकांनाही आपण कशासाठी आलो हे ठाऊक असते. उद्यान एक्स्प्रेसने एक रात्र जाताना आणि एक रात्र येताना, फ्रेमऐवजी नळीत गुंडाळलेले छाप, असा माझा तिथला खर्च आपल्याच शहरातल्या तीन दिवसांच्या स्टॉलएवढा येतो. सोलापूरला बंगळूर करा, असे मी म्हणत नाही, आपल्या शहरात तेवढा ग्राहक नाही हे मान्य आहे. पण पार्क चौकाच्या परिसरात एखादा रविवार फक्त कलावंतांसाठी ठेवून, मांडव आणि रंगमंच न घालता, पाचशे रुपये नोंदणीत असे काही करता येणार नाही काय? मांडवाचा खर्च नाही म्हटल्यावर चॉपरवाल्याची गरजही उरणार नाही.

एक गोष्ट माझ्या हिशेबाच्या विरोधात जाते, ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पाच वर्षांपूर्वी एका छोट्या गावातल्या महोत्सवात माझी दोन दिवसांत ९०० रुपयांची विक्री झाली. वहीत मी त्या पानावर लाल शाईने फुली मारली. चार महिन्यांनी तिथून कार्ड घेऊन गेलेल्या एका वास्तुविशारद बाईंचा फोन आला आणि एका दवाखान्याच्या भिंतींसाठी त्यांनी सहा मोठी चित्रे करून घेतली. ती फुली मी अजून खोडलेली नाही, तिच्या बाजूला दुसऱ्या शाईने आकडा लिहिला आहे. म्हणून आता प्रत्येक महोत्सवानंतर सहा महिन्यांनी मी ते पान पुन्हा उघडते. असे दिवस कधी येतात, पण टेम्पोवाल्याला आणि लॉजवाल्याला त्यांच्या भरवशावर थांबवता येत नाही, आणि तुम्हीही भाडे सहा महिन्यांनी घेत नाही.

यंदाच्या डिसेंबरमधील तुमच्यापैकी एका संस्थेचा अर्ज माझ्यापुढे आहे. नाव, पत्ता, कलाप्रकार, मागील सहभाग हे रकाने मी भरले आहेत. पैसे भरल्याचा व्यवहार क्रमांक लिहायची जागा कोरी ठेवून तो अर्ज मी या पत्रासोबत पाठवत आहे. मागे पेन्सिलने चार प्रश्न लिहिले आहेत : गेल्या वर्षीचे कलावंत कोण, त्यांतले परत येणारे किती, माझा स्टॉल कोणता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कोण. उत्तर आले की मी त्याच दिवशी भाडे भरीन.

आपली नम्र,
सात रस्ता परिसरातील एक चित्रकार,
सोलापूर